भरतीची वाट पाहणारं पुस्तक

मी एक जुनं, पाठ मोडलेलं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझं शेवटचं पान माझं नाही. ते मासळी विकणाऱ्या एका बाईचं आहे. हे कसं झालं ते आज तुम्हाला सांगतो. ज्याला घाई असेल त्याने आत्ताच उठावं, कारण माझ्या पोटात अख्खा समुद्र आहे आणि थोडक्यात बोलायची मला सवय नाही.

माझं नाव 'शंखबेटाची सफर'. मूळ गोष्ट फार वर्षांपूर्वी कुठल्याशा परदेशात लिहिली गेली आणि एका हौशी शिक्षकाने ती मराठीत आणली. माझा जन्म छापखान्यात झाला. अंगाला ताज्या शाईचा वास, निळा कापडी पुठ्ठा आणि पाठीवर सोनेरी अक्षरं! माझा तोरा काय विचारता! माझ्याबरोबर जन्मलेली भावंडं मुंबईला, रत्नागिरीला, मालवणला गेली. खिडकी उघडली की समुद्र दिसावा अशा घरांत. आणि मला सुतळीने बांधून, एसटीच्या टपावर चढवून धाडलं कुठे, तर आरमोरीला! आरमोरीहून कुठल्याही दिशेला चालू लागा, समुद्र काही लवकर लागायचा नाही. इकडे धानाची शेतं, तिकडे वैनगंगा, मध्ये तळी, आणि पलीकडे सगळं जंगल. मी पार्सलातच रडकुंडीला आलो.

पण वाचनालयाचे ग्रंथपाल गुणवंतराव यांनी सुतळी सोडली, मला नाकाशी धरून लांब श्वास घेतला आणि खोलीभर ओरडले, "या हो या! समुद्र आला आपल्या गावात!" तेव्हा मला जरा बरं वाटलं.

आता माझ्या पोटातली गोष्ट थोडी सांगायलाच हवी. एका कप्तानाचा धाकटा भाऊ समुद्रात हरवतो. कप्तान गलबत घेऊन त्याच्या शोधाला निघतो. वादळात डोलकाठी मोडते. शंखबेटावरची झाडं तोडून ते नवी डोलकाठी उभारतात. गोडं पाणी संपत येतं, तेव्हा बुढा आचारी वाटी वाटी पाणी मोजून सगळ्यांना जगवतो. भाऊ सापडतो. आणि परत येताना, अगदी आपल्या गावचे दिवे दिसू लागल्यावर, गलबत वाळूत रुततं. पुढचं मी नंतर सांगेन, किंवा नाही सांगणार.

सुरुवातीची वर्षं मोठी मजेची होती. मला घरी न्यायला लोक नंबर लावत. आणि मतं किती! गुणवंतराव म्हणत, धीर कसा धरावा ते या कप्तानाकडून शिकावं. बसस्टँडजवळ पुस्तकं बांधून देणारे शफीभाई म्हणत, "कप्तान गिप्तान कुछ नहीं, भाऊ. खरा मर्द तो बावर्ची आहे. त्यानं पानी वाटलं नसतं तं तुमचा कप्तान धीर कुठून धरला असता?" यावर दोघांचं भांडण चहा गार होईपर्यंत चाले. एका गुरुजींनी वादळाच्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, 'अतिशयोक्ती'. त्याखाली दुसऱ्या कोणी लिहिलं, 'तुम्ही समुद्र पाहिला आहे का?' त्याखाली तिसऱ्याने, 'तुम्ही तरी?' गुणवंतरावांनी तिघांनाही मनसोक्त शिव्या दिल्या आणि रबर घेऊन बसले. पण खरं सांगतो मित्रांनो, त्या खोडलेल्या अक्षरांच्या खुणा मला आजही प्रिय आहेत. भांडण्याइतकं कोणी मन लावून वाचलं, हे काय कमी आहे?

मग एक दिवस माझ्यावर घाला पडला. एक गृहस्थ मला घेऊन बसस्टँडवर बसले होते. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता त्यांची प्लास्टिकची पन्नी फाटली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माझं शेवटचं पान टर्रकन ओढलं, त्यात खर्रा बांधला आणि खिशात टाकला. वाचत होते ते तिसऱ्या प्रकरणात! माझा शेवट त्यांच्या खिशात बसून गडचिरोलीच्या गाडीने गेला, तो गेलाच.

आता माझी अखेरची ओळ अशी उरली : 'गावातले दिवे दिसत होते, पण गलबत हलत नव्हते. कप्तान भरतीची वाट पाहत वाळूवर उभा राहिला.'

बस. पुढे पुठ्ठा.

शेवट नसलेलं पुस्तक कोण वाचणार? त्यात घरोघरी टीव्ही आले. वाचनालयात लोक येत ते वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती पाहायला. माझी रवानगी सगळ्यांत खालच्या फळीवर झाली. कसर माझ्या पुठ्ठ्याचा फडशा पाडू लागली. गुणवंतराव दर वर्षी माझ्यात कडुलिंबाचा पाला घालून जात, तेवढाच काय तो माणसाचा हात.

अशात एका दुपारी पायल आली. शाळेतली हुशार पोरगी, ढिवराच्या घरची. तिचे वडील सोमाजी नदीत आणि तळ्यात डोंगा घेऊन मासे धरत. आई देवकाबाई बाजारात ते विकत असे. "पान्यावरचं पुस्तक आहे का?" पायलने विचारलं आणि गुणवंतरावांनी मला झटकून तिच्या हातात दिलं. "शेवट नाई त्याले," ते म्हणाले. "चालते," पायल म्हणाली.

त्या घरात मी गेलो तेव्हा घर जरा मुकंच होतं. कारण होतं अमर, पायलचा मोठा भाऊ. अमरला पोलीस व्हायचं होतं. आपल्या जिल्ह्यात भरती निघाली की पोरं उजाडायच्या आत रस्त्यावर पळायला लागतात, तसा तोही पळे. पळण्यात कोणाला ऐकत नसे. पण दोनदा भरती निघाली आणि दोनदा तो लेखी परीक्षेत आपटला. आता वयाच्या हिशेबाने एकच संधी उरली होती, आणि ती कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अमरने पळणं सोडलं होतं. बूट खुंटीला टांगले होते. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि 'भरती' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारायचा नाही असा अलिखित नियम झाला होता.

संध्याकाळी देवकाबाई जाळं सांधायला बसली की पायल मला मोठ्याने वाची. सोमाजी बाजूला सुतळी वळत बसत. अमर पाठमोरा पडलेला. पण मी त्याच्या कानांकडे पाहून ओळखलं होतं, हा झोपलेला नाही. असं करत करत एके दिवशी आम्ही शेवटाशी आलो, आणि पायलने वाचलं, "कप्तान भरतीची वाट पाहत वाळूवर उभा राहिला."

सोमाजींनी मान वर केली. "कोन्ती भरती वो? पोलीसची का जंगलखात्याची?"

 देवकाबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की सुतळी त्यांच्या हातातून सुटली. पायलचं बोट त्या ओळीवरच राहिलं. तिलाही समुद्राची भरती कुठे ठाऊक होती? वैनगंगेला पूर येतो, भरती येत नाही. आणि आमच्याकडे भरती म्हणजे एकच.

मग अमरचे खांदे हलू लागले. देवकाबाईला वाटलं, पोरगा रडून राहिला. पण अमर हसत होता. उठून बसला आणि पोट धरून हसला. "बाबा, त्या कप्तानाचंही लेखीत अडकलं असन गा!"

मित्रांनो, ती माझ्यातली सगळ्यांत करुण ओळ आहे. तिच्यावर आजवर कोणी हसलं नव्हतं. पण त्या दिवशी ते घर जे हसलं, त्यावरून माझी सगळी करुण पानं ओवाळून टाकावीत.

हसणं ओसरल्यावर वाद सुरू झाला. "रुतलं तं खाली उतरून ढकलते मानूस," सोमाजी म्हणाले. "उभं राहून वाट काय पायते? बिनकामाचा कप्तान." पायल म्हणाली, एवढं मोठं गलबत कसं ढकलणार? देवकाबाईने जाळं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "त्याच्या घरी कोन आहे?"

"कोणाच्या?"

"कप्तानाच्या. गावचे दिवे दिसते मनते ना? त्या दिव्याजवळ कोन बसून आहे? माय आहे का बायको आहे? थे काय करून राह्यली?"

पायलने मला पुढून मागून चाळलं. नव्हतं. इतकी पानं, इतकी वादळं, आणि कप्तानाच्या घराबद्दल एक ओळ नाही. इतक्या वाचकांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पायल गुणवंतरावांकडून भरतीचा अर्थ विचारून आली. समुद्राचं पाणी आपोआप चढतं, मग उतरतं, पुन्हा चढतं. रोज.

"रोज?" अमर म्हणाला. "रोज भरती? मंग नशीबवान आहे गा तो कप्तान. इथी तं सालोसाल निघत नाई."

पण शेवट काय झाला हे त्याला चैन पडू देईना. तो स्वतः मला घेऊन वाचनालयात गेला. गुणवंतराव म्हणाले, भरती येते आणि गलबत सुटतं, मला पक्कं आठवतं. शफीभाई तिथेच बसले होते. ते म्हणाले, "नहीं नहीं, गलबत फुटते! बावर्ची सगळ्यायले पोहत काठावर आनते." दोघे हमरीतुमरीवर आले. अखेर गुणवंतराव अमरला म्हणाले, "तू पयले पुस्तक सोता वाच. आयकलेलं अन् वाचलेलं एक नाई. मंग सांग तुले काय वाटते थे."

अमरने मला वाचलं. आधी बोट ठेवून, अडखळत, मग सलग. मला संपवून दुसरी पुस्तकं नेली, पुन्हा मला नेलं. आणि एका पहाटे खुंटीवरचे बूट खाली आले. पुढच्या भरतीत तो लेखी परीक्षा पास झाला. माझ्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण कोणी म्हटलं तर मी हरकतही घेणार नाही.

घरात आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ देवकाबाईच्या जिवाला घोर लागला. कारण अमरची नेमणूक एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका ठाण्यावर झाली. त्या काळी तिकडच्या नक्षली चकमकींच्या बातम्या रेडिओवर लागल्या की आमच्याकडच्या आया हातातलं काम थांबवत. अमर निरोप घ्यायला वाचनालयात आला, तेव्हा गुणवंतरावांनी सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि मला त्याच्या हातात दिलं.

"ने. पन एक आयक. पोस्टानं धाडायचं नाई, कोनाच्या हाती द्यायचं नाई. तू सोता आनून देजो. समजलं?"

अमरला समजलं. मलाही समजलं. मी घरी पोचलो, तर अमर घरी पोचणार होता.

ठाण्यावर मी पुष्कळ हातांतून फिरलो. तिथे मला सगळ्यांत बारकाईने वाचलं ते लालसूने. लालसू भामरागडकडचा, माडिया आदिवासी. अमरच्याच तुकडीत होता. त्याचं मत सगळ्यांहून वेगळं निघालं. "गोष्ट बेस आहे," तो म्हणाला, "पन हे लोक शंखबेटावर उतरले, झाडं तोडले, डोलकाठी केली अन् चालले गेले. बेटावरच्या लोकायले विचारलं काय? झाड तोडाच्या आगूदर आमी तं झाडालेही विचारतो." अमरने ते प्रकरण पुन्हा उघडून पाहिलं, विचारल्याची एक ओळही नव्हती. मी पुन्हा ओशाळलो.

नाले भरले की त्या ठाण्याचा रस्ता बंद होई. त्या वर्षी रस्ता खुला झाला आणि लगेच वाईट बातमी आली. जवळच्या वाटेवर स्फोट झाला होता आणि अमरबरोबर भरती झालेला एक जण त्यात गेला. अमर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागला. लालसू रजेवर निघाला. त्याला आरमोरीवरून काही कामाला पुढे जायचं होतं. अमरने मला प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे वाचनालयात देऊन देजो."

"तू काऊन नाई देत?"

"माह्या काय भरोसा?"

माझी पानं थंड पडली, मित्रांनो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पण मला पानंच आहेत, आणि त्यातलंही एक गेलेलं. लालसूने मला हातात घेतलं आणि जाऊन अमरच्या उशीखाली ठेवलं.

"हे पुस्तक एकटंच गावात गेलं, तं तुही माय काय समजन? नाई नेत मी. मी फक्त निरोप सांगतो, का पुस्तक अजून वाचून नाई झालं मनून."

आणि त्याने तो निरोप खरंच सांगितला. देवकाबाईने विचारलं म्हणे, "एवढं जाड आहे का थे?" लालसू म्हणाला, "जाड आहे, बाई. पन तो वाचून आननच." त्या दिवसापासून देवकाबाई रोज संध्याकाळी एक ताट वाढून झाकून ठेवू लागली. सकाळी ते कोणीतरी खाई, पण संध्याकाळी त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. हे मला पुढे पायलच्या बोलण्यातून कळलं.

धान कापणीच्या दिवसांत अमरला रजा मिळाली. मी त्याच्या पिशवीत होतो. अंधार पडता पडता आम्ही आरमोरीला उतरलो. घराशी आलो तर दारात दिवा, आणि दिव्याजवळ जाळं घेऊन देवकाबाई. तिने मान वर केली. पोराला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. रडली नाही. विचारलं काय, तर, "पुस्तक आनलं?"

"आनलं, माय."

"मंग जेव."

ताटावरचं झाकण तिने काढलं. भात आणि झिंग्याची भाजी. ती गरम करायला उठली, पण अमरने तिला उठू दिलं नाही. तो तसाच बसून जेवला. पिशवीच्या तोंडातून मी सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अमरने मला स्वतः गुणवंतरावांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उगाच रागावल्यासारखं म्हणाले, "किती उशीर गा!" माझी दशा पाहून त्यांनी शफीभाईंना बोलावलं. शफीभाईंनी मला नवी पाठ दिली, दोरा नवा घातला, आणि शेवटच्या पानाच्या जागी एक कोरं पान शिवलं. "शेवट नसलेलं पुस्तक ठीक नाई दिसत, भाऊ. लिहा तुमच्या मनाचं."

इथे पुन्हा भांडण जुंपलं. गुणवंतराव म्हणाले गलबत सुटलं असं लिहू, शफीभाई म्हणाले फुटलं असं लिहू, आणि सोमाजी तर पायलसोबत खास ढकलण्याची बाजू मांडायला आले होते. देवकाबाई डोक्यावर मासळीची टोपली घेऊन दाराशीच थांबली होती. पुस्तक खरंच परत पोचलं का, एवढंच तिला पाहायचं होतं. अमरने तिच्याकडे बोट दाखवलं. "माय सांगन."

"मले काय समजते त्यातलं?" ती म्हणाली. पण टोपली खाली ठेवली. जिथे पेन्सिलीची रेघ खपत नसे, त्या वाचनालयात गुणवंतरावांनी स्वतःचं पेन पायलला दिलं. देवकाबाई बोलत गेली आणि पायल लिहीत गेली. ते पान असं आहे :

'पाणी चढलं. कप्तान घरी आला. भाऊलेही आणलं. घरी माय होती. तिनं रोज भात झाकून ठेवला होता. भात थंडा होता. पण तो जेवला.'

शफीभाईंनी आधी मान हलवली. गुणवंतरावांनी मग हलवली. वाद मिटला.

मित्रांनो, माझं फाटलेलं खरं पान मला आजही तोंडपाठ आहे. चंद्रपूरच्या वाचनालयात माझं एक धडधाकट भावंड आहे, असंही म्हणतात. गुणवंतराव दर वेळी तिकडे जाताना त्या पानाची झेरॉक्स आणतो म्हणतात आणि दर वेळी विसरून येतात. ते मुद्दाम विसरतात असा मला दाट संशय आहे. आणि मीही माझं खरं पान कोणाला सांगणार नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आम्हाला कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा, ओलीपासून जपा, आणि खर्रा बांधायला दुसरा कागद शोधा. माझ्याबद्दल वाटेल ते मत द्या, माझ्या कप्तानाला बिनकामाचा म्हणा, मला राग नाही. पण घरी नेलं, तर स्वतः परत आणून द्या. अमर आजही रजेवर आला की मला वाचनालयात आणून देतो आणि ड्यूटीवर जाताना पुन्हा सोबत नेतो. आणि तो गेला की, पायल सांगते, देवकाबाई अधूनमधून टोपली घेऊन वाचनालयाच्या दाराशी थांबते, माझ्या रिकाम्या जागेकडे पाहते आणि विचारते, "वाचून नाई झालं काय अजून?"

"नाई, बाई," गुणवंतराव सांगतात. "येईनच घेऊन."

मग ती टोपली उचलते आणि भात टाकायला घरी जाते.